‘तूच लिहून आण, मी सही करतो’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीच्या निकालांपासून पदवीच्या प्रवेशफेऱ्यांपर्यंत सगळ्याची वर्तमानपत्रांतून भरपूर चर्चा होते. एम.ए., एम.एस्सी. करता करताच पीएच.डी.ला अर्ज करणाऱ्या मुलामुलींकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. अशा विद्यार्थ्यांना मी शिकवते, त्यांच्यासाठी शिफारसपत्रं लिहिते आणि इतर ठिकाणांहून आलेले अर्ज निवड समितीत बसून वाचतेही. त्या अनुभवावरून हे पत्र.

अडचणीचं मूळ वेळापत्रकात आहे. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या पीएच.डी.साठी अर्जाची मुदत डिसेंबरात संपते, काही ठिकाणी जानेवारीच्या सुरुवातीला. दोन वर्षांच्या एम.एस्सी.चा विद्यार्थी तेव्हा तिसऱ्या सत्रात असतो. डेझर्टेशनचा (पदव्युत्तरच्या लघुप्रबंधाचा) विषय नुकता ठरलेला, मार्गदर्शकांशी ओळख जेमतेम, हाती पहिल्या वर्षाचे गुण. आणि अर्ज विचारतो, तुमचं संशोधन काय? अभ्यासक्रम एका वर्षाचा असेल तर पहिलं सत्रही धड संपलेलं नसतं.

मग मुलं काय करतात? अर्धवट काम पुरं झाल्यासारखं लिहितात. ‘मी अमुक सिद्ध केलं’, ‘माझ्या संशोधनातून असं स्पष्ट झालं’. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला हे उघडं पडतं. नमुने किती होते, नियंत्रण गट कोणता होता, हे विचारलं की ‘ते काम अजून सुरू आहे’ असं उत्तर येतं. काम सुरू आहे यात कमीपणा काहीच नाही, समितीला ते तारखांवरून कळलेलंच असतं. पण आता त्या अर्जातल्या बाकीच्या वाक्यांवरचाही विश्वास उडतो.

याउलट एका अर्जातला परिच्छेद माझ्या चांगला लक्षात आहे. मातीच्या नमुन्यांवर काम करणाऱ्या मुलीनं लिहिलं होतं की, निकाल अपेक्षेच्या उलट येत आहेत. उपकरणाचं अंशांकन (कॅलिब्रेशन) चुकलंय की गृहीतकच चुकीचं आहे, हे अजून ठरलेलं नाही. ते ठरवण्यासाठी जुने नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा तपासायला दिलेत, आणि दोन्हीकडे आकडे सारखेच आले तर पुढे काय करायचं तेही तिनं मांडलं होतं. अर्जात निष्कर्ष एकही नव्हता, पण ही मुलगी अडली की काय करते ते आम्हाला दिसलं. ‘लहानपणापासून मला संशोधनाची ओढ’ अशी सुरुवात करणाऱ्या उद्देशपत्रांतून (अर्जासोबतच्या ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’मधून) हे कधीच दिसत नाही. (ही सुरुवात इतक्यांदा वाचलीये की आता डोळे आपोआप पुढच्या परिच्छेदावर जातात.)

आता शिफारसपत्रं. बहुतेक ठिकाणी तीन लागतात. आपल्या महाविद्यालयांमधली सर्रास पद्धत म्हणजे ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ विद्यार्थी स्वतःबद्दल लिहिणार तरी काय? ‘अत्यंत मेहनती, शिस्तप्रिय, मनमिळाऊ.’ तिन्ही पत्रं एकाच हातची असल्याचं भाषेवरून ओळखू येतं, स्वल्पविराम चुकण्याची तऱ्हासुद्धा तीच असते. नुकसान विद्यार्थ्याचं होतं, दोष मात्र आम्हा शिक्षकांचा. विद्यार्थ्यानं काय केलं, कुठं चुकला, चूक दाखवल्यावर कसा वागला, हे आम्हीच लिहू शकतो. वेळ नसेल तर सरळ नाही म्हणावं, म्हणजे तो दुसरीकडे विचारेल. विद्यार्थ्यांनीही पत्र मागताना गुणपत्रिका, उद्देशपत्राचा मसुदा, डेझर्टेशनची पानं आणि प्रत्येक ठिकाणची मुदत असं सगळं एकदम द्यावं, आणि महिनाभर आधी द्यावं. मुदतीच्या आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मॅडम, आज बारापर्यंत लिंक चालू आहे’ असा निरोप पाठवला, तर कसं पत्र मिळणार ते उघड आहे.

याहून नाजूक गोष्ट लपवाछपवीची. आपण दुसऱ्या विद्यापीठात अर्ज करतोय हे सध्याच्या मार्गदर्शकांना कळलं तर ते चिडतील, डेझर्टेशनचे गुण कापतील, या भीतीनं अनेकजण त्यांना काही सांगतच नाहीत. ही भीती पोकळ नाही. ‘इथं काय वाईट आहे?’ असं म्हणून तोंड फिरवणारे सहकारी मी पाहिलेत. पण समितीला पहिला प्रश्न हाच पडतो की, ज्यांच्याकडे हा सध्या काम करतोय त्यांचं पत्र का नाही? जुन्या शिक्षकांची तीन छान पत्रंही ती जागा भरून काढत नाहीत. तेव्हा सांगावंच, आणि लवकर सांगावं. मार्गदर्शकांशी खरोखरच पटत नसेल तर विभागप्रमुख किंवा काम जवळून पाहणाऱ्या दुसऱ्या शिक्षकांचं पत्र घ्यावं. विद्यार्थी बाहेर गेला म्हणजे आपल्याला सोडून गेला, असं धरून बसणाऱ्या शिक्षकांशी मात्र मला वाद घालावासा वाटतो. आपला विद्यार्थी दुसऱ्या चांगल्या ठिकाणी निवडला गेला, यापेक्षा आपल्या शिकवण्याची दुसरी पावती कोणती हवी?

पदव्युत्तर शिक्षण अर्ध्यात सोडून पीएच.डी.ला जावं का, हाही प्रश्न नेहमी येतो. अमेरिकेत पीएच.डी.ला पदवीनंतर थेट प्रवेश मिळतो, त्यामुळे असा मोह होतो. तिथं एम.एस्सी. पूर्ण करून गेलात तरी आधीचे किती श्रेयांक (क्रेडिट्स) धरायचे हे त्या-त्या विद्यापीठावर असतं, आणि काही विषय पुन्हा करावे लागू शकतात. तरीही सुरू केलेला अभ्यासक्रम मधेच का सोडला, हे पुढे कुणीतरी विचारणारच. त्याला पटण्यासारखं उत्तर नसेल तर उरलेली सत्रं पुरी करावीत. युरोपात हा प्रश्न बहुधा उद्भवतच नाही, कारण तिथं पीएच.डी.साठी सहसा पदव्युत्तर पदवी हवीच. जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन, नॉर्वे इथं पीएच.डी.ची जागा म्हणजे बऱ्याचदा पगारी नोकरीच असते. जाहिराती वर्षभर निघतात, अर्ज विशिष्ट प्रकल्पासाठी करायचा असतो आणि पदवी पूर्ण होण्याच्या अटीवर निवड होऊ शकते.

त्या अटीत आपली मुलं अडकतात. परीक्षा झालेली, तोंडी झालेली, पण अंतिम गुणपत्रिका महिनोन्‌महिने येत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याची रुजू होण्याची तारीख दोनदा पुढे ढकलावी लागली, ती केवळ निकाल राखून ठेवल्यामुळे. परीक्षा विभागात जाऊन उभं राहिलं की ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढंच ऐकू येतं. परदेशी प्राध्यापकाला हे समजावून सांगणारं पत्र मलाच लिहावं लागलं.

देशातल्या प्रवेशांचं गणित तर आणखी काळजीनं समजून घ्यायला हवं. पदव्युत्तरच्या अंतिम वर्षात असताना नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) देता येते. जून २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधनवृत्ती) नसलेल्यांसाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो. पण प्रवेशासाठी हे गुण एकच वर्ष ग्राह्य असतात, आणि हे अनेकांना उशिरा कळतं. इकडे ते वर्ष सरत जातं, तिकडे विद्यापीठाची प्रवेशाची जाहिरातच निघत नाही किंवा विद्यार्थ्याचा स्वतःचा निकाल लागत नाही. शिवाय प्रत्येक विद्यापीठाची पेट (पीएच.डी. प्रवेश परीक्षा) वेगळी, शुल्क वेगळं, तारखा वेगळ्या.

आणि पात्र ठरलात तरी मार्गदर्शकाकडे जागा हवी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ च संशोधक विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे ज्यांचे लेख वाचून तुम्ही विषय ठरवला, ते कदाचित तुम्हाला घेऊच शकणार नाहीत. त्यांना आधी एक ईमेल करून विचारायला लाजू नये. ईमेल चार ओळींची असावी: मी कोण, सध्या काय करतो, तुमच्या कोणत्या कामाशी त्याचा संबंध आहे, आणि तुमच्याकडे जागा आहे का. ‘रिस्पेक्टेड सर’पासून सुरू होऊन दोन पानं चालणाऱ्या ईमेलला उत्तर येत नाही, कारण ती शेवटपर्यंत कुणी वाचत नाही.

परदेशातून प्रवेशाचा होकार आला की घरचे म्हणतात, लगेच हो म्हणून टाक, जागा जाईल. अमेरिकेत कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा (पदव्युत्तर शिक्षण देणाऱ्या विद्यापीठांच्या संघटनेचा) एक ठराव आहे. तो मान्य केलेली विद्यापीठं आर्थिक साहाय्याच्या प्रस्तावावर १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याची सक्ती करत नाहीत. तोवर इतर ठिकाणच्या उत्तरांची वाट पाहता येते, तिथल्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोलता येतं. मार्गदर्शक भेटायला वेळ देतात का, मागच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली, पैसे किती वर्षं मिळतात, हे त्यांनाच विचारावं. संकेतस्थळावर ते लिहिलेलं नसतं.

आपल्याकडून एक अपेक्षा आहे. पदवी प्रवेशाच्या तारखा आपण चौकटीत छापता, तशीच दर महिन्याला एक छोटी चौकट पीएच.डी.साठी द्यावी: कुठल्या विद्यापीठाची पेट जाहीर झाली, कुठल्या विभागात किती मार्गदर्शकांकडे जागा आहेत, कुणाचे पदव्युत्तरचे निकाल रखडलेत. शेवटचा रकाना छापून येऊ लागला तर परीक्षा विभागांचे फोन आपल्याला येतील. ते जरूर घ्यावेत.

आपली,
एक संशोधन मार्गदर्शक