उन्मळलेल्या खोडांवर डिचोलीचा वारसा कोरावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात गोव्यातील आपल्या डिचोलीच्या रस्त्यांवर झाडे उन्मळून पडतात आणि त्यांचे ओंडके सरपणाला जातात. त्यांतील निवडक खोडे कोरून बाजारात, बसस्थानकावर उभी करावीत, असे सुचवावेसे वाटते. अमेरिकेतील गॅल्व्हेस्टन शहरात २००८ च्या ‘आइक’ चक्रीवादळात समुद्राचे पाणी शिरून हजारो झाडे मेली, तेव्हा लोकांनी अंगणातील वठलेले ओक जागेवरच कोरून घेतले आणि आता ते पाहायला पर्यटक जातात.

आपल्याकडे असे काम निघाले की मोर, डॉल्फिन आणि शेजारी सेल्फीची चौकट, एवढ्यावरच कल्पना संपते. डिचोलीला उसने काही आणावे लागणार नाही. कुंभाराने घडवलेले मातीचे घुमट हे वाद्य, ज्याला २०१९ मध्ये राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान मिळाला. येथील पितळी समया. चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, आणि तिला बांधलेली सुपारीची शिपटी (घड). नार्व्याचे सप्तकोटेश्वर मंदिर, ज्याचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी करविला, एवढे विषय पहिल्या काही खोडांना पुरे आहेत. नेत्यांचे चेहरे मात्र कृपया नकोत.

लाकूड पारखून घ्यायला हवे. गुलमोहराचे खोड लवकर कुजते, तर पणसाचा पिवळा गाभा टिकतो आणि वाळवीलाही सहसा दाद देत नाही. एका उद्यानातील कोरीव मूर्तीचा पाय दोन पावसाळ्यांत भुसभुशीत झालेला मी पाहिला आहे, कारण ती थेट मातीत रोवली होती आणि वरच्या कापावर छपराचा तुकडाही नव्हता. खोड दगडी चौथऱ्यावर उभे करावे आणि दरवर्षी मृगाआधी त्याला काजूच्या टरफलाचे तेल लावावे. हे तेल आपले सुतार पूर्वीपासून लाकडाला लावत आले आहेत.

जिवंत झाडाला मात्र छिन्नी लावू नये. सालीखालचा थर सगळीकडून कापला गेला तर झाड वाळते, आणि झाडे जपण्यासाठी १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदाही आहे.

काम बाहेरच्या ठेकेदाराला न देता देवळांच्या चौकटी, मखरे आणि पालख्या कोरणाऱ्या स्थानिक मेस्तांकडे सोपवावे. त्यासाठी पडलेले झाड लिलावात काढण्यापूर्वी त्यांच्यापैकी एखाद्याला दाखवण्याची पद्धत पालिकेने येत्या पावसाळ्यापासून सुरू करावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, डिचोली