आधी माइक, मग कॅमेरा

नौपाडा, ठाणे

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

इंटर्न मुलांना रुग्णांचे फोटो काढायला आणि त्यांचं बोलणं मुद्रित करायला शिकवायचं मनावर घेतलंस, बरं वाटलं. ‘सुरुवात कशाने करू?’ असं विचारलंस, पण तुझा फोन नेमका ओपीडीच्या गोंगाटातून येतो. म्हणून लिहिते. बाबा म्हणतील, कॅमेरा. या बाबतीत त्यांचं ऐकू नकोस.

फोटो घाईत, समोरच्याशी अवाक्षर न बोलता काढता येतो. बोलणं ऐकायचं तर समोर बसावंच लागतं, आणि तुम्हा डॉक्टरांचं तिथेच अडतं. १९८४ मध्ये अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या संशोधकांनी तपासणीच्या वेळची संभाषणं मुद्रित करून मोजली. रुग्ण तक्रार सांगू लागला की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच तोडत होते. आपल्याकडची रांग बघता मला तर ते १८ सेकंदही उदार वाटतात!

तेव्हा मुलांना एकच प्रश्न विचारून गप्प बसायला सांग. ‘हं हं’, ‘बरं बरं’सुद्धा नको, ते बोलणाऱ्याच्या आवाजावर चढतं, नुसती मान हलवावी. माइक तोंडापासून वीतभर आणि जरासा बाजूला धरावा, म्हणजे ‘प’, ‘फ’ फुटत नाहीत. पंखा बंद. हेडफोन लावायलाच हवेत, कारण आपला कान नको ते आवाज गाळतो, माइक गाळत नाही. उठण्यापूर्वी खोलीचा नुसता आवाज मिनिटभर घ्यावा. संपादनात सांधे त्यानेच बुजतात.

प्रश्नावर मात्र खूप वेळ घालव. तुर्भ्याला खाणीकडच्या वस्तीत टीबीच्या रुग्णाला ‘गोळ्या रोज घेता ना?’ असं विचारलं तर तो ‘हो’च म्हणणार. डॉक्टरला तोंडावर नाही कोण म्हणेल? त्यापेक्षा ‘सकाळी उठल्यापासून काय काय करता, सांगा’ असं म्हणावं. मग कदाचित कळेल, की उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळतं आणि अंधारातच कामावर निघायचं असतं. किंवा रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाने लघवी लालसर झाली, घरचे घाबरले आणि गोळ्याच थांबल्या. केसपेपरवर यातलं काय उतरतं, तू जाणतेस.

कॅमेरा नंतर दे, आणि तेव्हा अमेरिकन छायाचित्रकार यूजीन स्मिथचं काम दाखव. १९४८ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी तो कोलोरॅडोतल्या एका खेड्यात डॉ. सेरियानी यांच्या मागे तीनेक आठवडे राहिला. त्यातला एक फोटो मुलांना बराच वेळ बघू दे. बाळंतपणात आई आणि मूल दोघं गेल्यावर डॉक्टर स्वयंपाकघरात कॉफीचा कप हातात घेऊन टेकून उभे आहेत. फोटोत रुग्ण नाही, जखम नाही. तुझ्या मुलांनाही रुग्णाचा चेहरा न दाखवता बरंच सांगता येईल: हात, चपला, गोळ्यांचा डबा, दारात थांबलेली सून.

चेहरा घ्यायचाच असेल तर संमतीकडे नीट बघ. ओळख पटेल असा फोटो परवानगीशिवाय छापू नये, हे तुम्हा डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत आहेच. मानसिक रुग्णांसाठी २०१७ चा कायदाही आहे. पण ॲप्रन घातलेल्या माणसाला रांगेतली बाई नाही म्हणू शकत नाही, मग अंगठा उठवला काय नि सही केली काय! म्हणून जो उपचार करतो त्याने मुद्रण करू नये, दुसऱ्याने करावं, तेही ॲप्रन काढून. परवानगी दोनदा घ्यावी: एकदा आधी, एकदा तयार झालेलं ऐकवून. तेव्हा कुणी ‘हे काढा’ म्हणालं तर मुकाट्याने काढायचं, मग तो तुकडा कितीही सुंदर असो. आणि व्हॉट्सॲप स्टेटसवर काहीही नाही. हे पहिल्याच दिवशी दरडावून सांग, तुला दरडावता येतं.

माझा जुना रेकॉर्डर अजून चालतो. रविवारी आलीस की घेऊन जा. सेल मात्र नवे आण.

तुझी,
आई