कोपीतला पोरगा पुढे कुठे गेला? जनगणना आयुक्तांना खुले पत्र

मा. महानिबंधक व जनगणना आयुक्त, भारत सरकार, यांस

स.न.वि.वि.

फेब्रुवारी २०२७ मध्ये प्रगणक दारोदार फिरतील, तेव्हा बीड जिल्ह्यात पाटोदा, धारूर, वडवणी, शिरूर कासारकडच्या कितीतरी घरांना कुलूप असेल. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेऊन दिवाळीच्या आगेमागे निघालेले ऊसतोडीचे कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, सांगली-कोल्हापूरपासून पार बेळगावपर्यंतच्या उसाच्या फडांत असतील. कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडल्याशिवाय ते परतत नाहीत. २०११ ची मोजणीही ९ ते २८ फेब्रुवारीलाच झाली होती. त्या सगळ्या दिवसांत जो घरी नव्हता, तो जिथे सापडला तिथला धरायचा, असा नियम. माणूस मोजला गेला खरा, पण कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या तळावरच्या झोपडीत.

२०११ मध्ये देशात स्थलांतरित ४५ कोटींच्या वर होते, २००१ मध्ये सुमारे ३१ कोटी. एवढं आपल्याला माहीत आहे. (सविस्तर कोष्टकं हाती यायला २०१९ उजाडलं, हे जाता जाता.) पण २०११ साली कोपीत आठ वर्षांचा असलेला पोरगा २०२७ मध्ये चोवीसचा होईल. तो बापाचाच कोयता चालवतोय, की चाकणला एखाद्या कंपनीत लागलाय? दोन जनगणनांचे आकडे शेजारी मांडून हे कळत नाही. त्यासाठी एकाच माणसाच्या दोन नोंदी जोडाव्या लागतात.

इंग्लंड आणि वेल्समध्ये हे १९७१ च्या जनगणनेपासून चाललंय. वर्षातल्या चार ठरावीक तारखांना जन्मलेल्यांच्या, म्हणजे साधारण एक टक्का लोकांच्या, नोंदी दर जनगणनेत जोडतात. त्यांची पद्धत मात्र जशीच्या तशी उचलू नका. आमच्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी अर्ध्या गावाला १ जून ही जन्मतारीख वाटून टाकलेली आहे! नावावरून जोडायला जाल, तर बायका निसटतील. लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं, मधलं बदलतं, काही घरांत तर पहिलंही. आणि आपल्याकडे स्थलांतराचं सगळ्यांत मोठं कारण लग्नच आहे. म्हणजे जिचा माग काढायचा तीच यादीतून गळणार.

म्हणून मागणी साधी आहे. जनगणना प्रथमच डिजिटल होते आहे, तर चिठ्ठ्या टाकून काही मोजणी गट, म्हणजे एकेका प्रगणकाच्या वाट्याची घरं, निवडा. तिथे जन्मगाव, आईवडिलांची नावं आणि २०११ मध्ये माणूस कुठल्या गावी राहत होता, एवढं नीट लिहून घ्या. लग्नाने यातलं काही बदलत नाही. पुढच्या जनगणनेत याच खुणांवरून जोडणी करा आणि अभ्यासकांना नावं काढून टाकलेली माहितीच द्या, तीही तुमच्याच कार्यालयात बसून पाहण्यापुरती. आधार क्रमांक यात आणू नका. १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ वैयक्तिक नोंदी गुप्त ठेवतं, त्याला धक्का नको. या वेळी जातही विचारली जाणार आहे. लोकांच्या मनात शंका आली, की ते समोरच्याला बरं वाटेल ते सांगून मोकळे होतात.

आणखी एक. निवडलेल्या गटांत कारखान्यांच्या तळांवरच्या कोप्या असल्याच पाहिजेत. प्रगणक तिथे अंधार पडल्यावर पाठवा, दिवसा सगळे फडात असतात. मागचं ठिकाण म्हणून नुसतं ‘बीड’ लिहून त्याने पुढे जाऊ नये, तालुका आणि गाव विचारावं.

कळावे,

आपला,
एक निवृत्त शिक्षक, बीड जिल्हा