लस बाळाला, तपासणी आईचीही हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दीड महिन्याच्या लसीसाठी आई बाळाला घेऊन नागरी आरोग्य केंद्रात येते. बाळाचे वजन होते, मांडीत इंजेक्शन दिले जाते, पुढची तारीख कार्डावर पडते. खोकताना-शिंकताना तुमची लघवी निसटते का, हे त्या आईला सहसा कोणी विचारत नाही आणि तीही आपणहून सांगत नाही. ‘बाळंतपणानंतर एवढे चालायचेच’ असे तिने घरी ऐकलेले असते. त्रास अनेकींना होतो हे खरे, पण तो अंगावर काढण्याचे कारण नाही. नीट शिकवलेल्या व्यायामाने बहुतेकींचा त्रास कमी होतो, पुष्कळदा थांबतो. म्हणून ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी लसीकरणाच्या दिवशीच आईची फिजिओथेरपी तपासणी सुरू करावी, अशी मागणी करण्यासाठी हे पत्र.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर तोललेले असतात. नऊ महिन्यांच्या भाराने ती ताणली जाते आणि बाळाचे डोके बाहेर येताना आणखी ताणते, कधी फाटतेही. सिझेरियन झालेल्या बाईलाही गरोदरपणातला भार चुकलेला नसतो, त्यामुळे ‘माझे तर सिझर झाले’ म्हणून तिने निर्धास्त राहू नये.

या स्नायूंचा व्यायाम सोपा वाटतो, आणि तिथेच गफलत होते. उताणे झोपून गुडघे वाकवावेत. चारचौघांत वायू अडवताना आवळतो तशी शौचाची जागा आत आणि वर ओढावी, ती ओढ पुढे लघवीच्या जागेपर्यंत न्यावी. सुरुवातीला तीन-चार सेकंद धरून पूर्ण सैल सोडावे आणि तेवढाच वेळ थांबावे. असे आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू १० सेकंदांपर्यंत जावे. प्रत्येक वेळी शेवटी आठ-दहा झटपट आवळण्या कराव्यात, कारण शिंक थोपवायला चपळ स्नायूच कामी येतात. मग तेच बसून, नंतर उभे राहून करावे. किमान तीन महिने नेम हवा. पंधरा दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणाऱ्या फार.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे श्वास कोंडणे. दुसरी, नितंब आणि मांड्या आवळणे. त्यात झोळी बाजूलाच राहते. तिसरी सर्वांत घातक: वर ओढण्याऐवजी शौचाला जोर लावतात तसे खाली ढकलणे. याने झोळी आणखी सैल होते. हातआरसा धरून पाहिले तर खालची जागा आत जाते की बाहेर फुगते, हे लगेच कळते. लघवीची धार मध्येच थांबवणे हा रोजचा व्यायाम म्हणून करू नये. मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही आणि संसर्गाला वाव मिळतो. काही जणींचे स्नायू मुळातच आखडलेले असतात. संबंधाच्या वेळी दुखते, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो. अशा बाईने आवळण्याचा व्यायाम केला तर दुखणे वाढते. तिला आधी पोटात खोल श्वास घेऊन खालचा भाग सैल सोडायला शिकवावे लागते. म्हणूनच मोबाइलवरचा व्हिडिओ तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

स्नायू ओळखता आला की एक युक्ती लगेच उपयोगी पडते: खोकला किंवा शिंक येतेय असे वाटले, की आधी आवळायचे आणि मग खोकायचे. पाण्याची बादली उचलतानाही तसेच.

बाळंतिणीच्या पोटाला पट्टा बांधायची पद्धत घरोघरी आहे. सिझेरियननंतर टाक्यांना आधार म्हणून सैलसर पट्टा चालतो. पण श्वास घ्यायला अडेल इतका आवळला, तर पोटातला दाब खाली झोळीवर येतो. पोटाचे मधले स्नायू फाकले असतील तर पट्ट्याने ते जुळतही नाहीत. स्नायू फाकले आहेत का, हे घरी तपासता येते. उताणे झोपून गुडघे वाकवून डोके किंचित उचलावे आणि बेंबीच्या वर-खाली बोटे आडवी ठेवावीत. दोनपेक्षा जास्त बोटे आत जात असतील, किंवा मध्ये तंबूसारखा उंचवटा येत असेल, तर सिट-अप्स आणि दोन्ही पाय एकदम उचलण्याचे व्यायाम तूर्त बंद. ‘कुशीवर वळून उठ’ हा आजीचा सल्ला इथे शंभर टक्के बरोबर आहे. सव्वा महिना विश्रांती ही रीतही चांगली, पण विश्रांती म्हणजे पलंगाला खिळणे नव्हे. घरातल्या घरात चालणे आणि पावले वर-खाली हलवणे पहिल्या दिवसापासून हवे, नाहीतर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. सिझेरियनची जखम पूर्ण भरल्यावर, साधारण सहा आठवड्यांनी, व्रणाच्या आजूबाजूची त्वचा बोटांनी हलकेच हलवावी; चिकटलेला व्रण पुढे ओढ देत राहतो.

बाळाला पाजताना वाकून छाती बाळाकडे नेली की मान आणि पाठ धरते; मांडीवर उशी घेऊन बाळ वर आणावे. काखेत अंगठे फाकवून बाळ उचलल्याने अंगठ्याच्या बाजूचे मनगट दुखू लागते. तळवे खाली सरकवून, मनगट सरळ ठेवून उचलावे.

ठाण्याहून लोकलने मुंबईला किंवा वाशीकडे कामाला जाणाऱ्या कितीतरी जणी वाटेत शौचालय नको म्हणून पाणीच पीत नाहीत. शाळेतल्या मुलीही याच कारणाने बाटली भरलेली परत आणतात. पाणी कमी झाले की लघवी दाट होऊन मूत्राशयाला टोचते, शौचाला खडा होतो, आणि कुंथण्याचा जोर पुन्हा त्याच झोळीवर पडतो. उलट ‘निघण्याआधी जाऊनच येते’ असे दर तासाला केले, तर मूत्राशयाला थोड्याशा लघवीनेही घाई वाटू लागते. दिवसातून सहा ते आठ वेळा हे साधारण प्रमाण. अवेळी घाई आली तर धावू नये. जागीच थांबून पाच-सहा वेळा झटपट आवळावे, घाईची लाट ओसरू द्यावी आणि मग चालावे. दर काही दिवसांनी दोनदा लघवीला जाण्यातले अंतर १५ मिनिटांनी वाढवावे. कमोडवर बसताना पायांखाली पाट घ्यावा, गुडघे कमरेपेक्षा वर आले पाहिजेत.

पाळी गेल्यानंतर पहिल्या काही वर्षांत हाडे झपाट्याने विरळ होतात. ठाण्यात तलावपाळीला किंवा उपवनला सकाळी चालणाऱ्या भगिनींना एवढेच सांगणे: चालणे चांगलेच, पण एकटे पुरत नाही. खुर्चीतून हात न टेकता १० वेळा उठणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, ओट्याजवळच एका पायावर १० सेकंद उभे राहणे, हे आठवड्यातून दोन-तीनदा तरी करावे. हाडे विरळ असल्याचे निदान झाले असेल तर पाठ गोल करून पायाची बोटे धरणे आणि कंबरेला पीळ देणे टाळावे. वाकायचे ते पाठ सरळ ठेवून, खुब्यातून. ‘अंग बाहेर येणे’, म्हणजे गर्भाशय खाली उतरणे, सुरुवातीच्या टप्प्यात असेल तर व्यायामाने जडपणा कमी होतो, डॉक्टर आतून आधार देणारी रिंगही बसवतात. पुढच्या टप्प्यात शस्त्रक्रिया लागू शकते. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर व्यायामाच्या आधी डॉक्टर.

आता पालिकेने काय करावे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर महिला तपासणीला येतात. तिथे अर्ध्या तासात हा व्यायाम शिकवता येईल. गरोदरपणातच सुरुवात केली तर पुढचा त्रास टाळता येण्याची शक्यता वाढते. बाळाच्या लसी ६, १०, १४ आठवड्यांना असतात, म्हणजे आईच्या तीन भेटी आपसूक ठरलेल्या आहेत: पहिल्या भेटीत तपासणी, दुसऱ्या भेटीत चुका सुधारणे, तिसऱ्या भेटीत पुढचा टप्पा. नेरूळ आणि कामोठ्यात फिजिओथेरपी महाविद्यालये आहेत. अनुभवी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली तिथल्या इंटर्नना सामावून घेता येईल. लागते काय, तर एक खाट, एक पडदा आणि प्रत्येकीला १० मिनिटे. आतून तपासणीची पहिल्या भेटीत गरज नसते. पुढे लागलीच तर ती संमतीनेच.

कार्डावर चार प्रश्न छापावेत: खोकताना लघवी निसटते का? वायू किंवा शौच अडवता येत नाही असे होते का? खाली जड, काही उतरल्यासारखे वाटते का? संबंधाच्या वेळी दुखते का? आणि हे प्रश्न रांगेत, सासूबाईंच्या देखत विचारू नयेत. पडद्याआड, आई एकटी असताना विचारावेत.

– एक फिजिओथेरपिस्ट, ऐरोली, नवी मुंबई