‘रानटी’ हा शब्द मथळ्यातून काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला विल्यम गोल्डिंग यांच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाईज’वरचा लेख वाचला. माणूस मूळचा रानटी, संस्कृती हा नुसता वरचा मुलामा, असा त्याचा सूर होता. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. मधल्या सुट्टीत पोरांचा घोळका एखाद्यावर कसा तुटून पडतो ते मी पाहिलं आहे, त्यामुळे कादंबरीतलं वागणं खोटं, असं मी म्हणणार नाही. माझा वाद ‘रानटी’ या शब्दाशी आहे.

गोल्डिंग स्वतः शिक्षक होते, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात होते. विमान कोसळून निर्जन बेटावर अडकलेल्या शाळकरी मुलांची ही कादंबरी आली १९५४ मध्ये. त्या बेटावर रानात राहणारा माणूस एकही नाही. जे घडतं ते शाळेत शिस्तीत वाढलेल्या इंग्रज मुलांच्या हातून घडतं. शिकाऱ्यांची टोळी तर भजनं गाणाऱ्या मुलांच्या वृंदातूनच तयार होते. शेवटी सुटका करायला नौदलाचा अधिकारी येतो. ब्रिटिश मुलांनी असं वागावं याचं त्याला वाईट वाटतं, आणि त्याची युद्धनौका मागे समुद्रात उभी असते. मग यात रानाचा काय दोष? तोंडाला रंग फासलेल्या मुलांना गोल्डिंग यांनीही तोच शब्द लावला आहे, हे खरं. तिथेही तो मला खटकतो.

आपल्याकडे नाटककार विजय तेंडुलकर याच प्रश्नात अधिक खोल गेले, असं माझं मत आहे. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे १९६७ चं नाटक. तिथे ना बेट, ना भूक. हौशी नाटकमंडळी वेळ घालवायला खोटा खटला मांडतात आणि बघता बघता लीला बेणारे या शिक्षिकेची शिकार करतात. बेटावरची पोरंही आधी शिकारीचा खेळच खेळतात, एकाला डुक्कर करून. पुढे तशाच नाचात सायमन नावाच्या मुलाचा जीव जातो. इथवर दोन्हीकडे सारखंच. पण बेटावर ज्याच्या हाती शंख त्याने बोलायचं असा नियम असतो. तो शंख फुटतो त्याच क्षणी पिगी हा मुलगा मरतो. बेणारेच्या खटल्यात काहीच फुटत नाही. न्यायाधीश, वकील, साक्षीदार, शपथ, सगळं जागच्या जागी असतं, आणि त्या कोर्टाच्याच भाषेत तिला सोलून काढतात.

हे मला का टोचतं तेही सांगते. चार वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत एका घरातली सोन्याची बांगडी हरवली. संध्याकाळी क्लबहाउसमध्ये कमिटीची तातडीची सभा झाली. त्या घरी भांडी घासणारी बाई येऊरच्या जंगलातल्या पाड्यावरची, वारली आदिवासी. हातातलं काम टाकायला लावून तिला आणलं. कोपरापर्यंत साबणाचा फेस होता. सभा चालू असताना तो वाळत गेला आणि हातांवर पांढरे डाग उरले. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण तिला कोणी बस म्हटलं नाही. आवाजही कोणी चढवला नाही. एकेकाने अध्यक्षांची परवानगी घेऊन विचारलं: नवरा काय करतो, पितो का, पदराला गाठ कसली? सेक्रेटरी रजिस्टरमध्ये सगळं लिहून घेत होते. मागून कोणीतरी म्हणालं, “रानातली माणसं, यांना कसलं वळण असणार?” तिला गाठ सोडायला लावली. आत बसचे सुटे पैसे होते आणि तापाच्या दोन गोळ्या. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. मी तोंड उघडलं नाही, आणि ते मला आजही सलतं. ती बाई पुन्हा कामावर आली नाही. बांगडीचं काय झालं ते कोणी सांगितलं नाही.

ज्या जंगलात बिबट्या फिरतो तिथे ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. वाघोबाला देव मानून पूजतात. रानात राहायलाही रीत लागते, वळण लागतं.

संपादक महोदय, मागच्या महिन्यात आपल्या ठाण्याच्या पानावर ‘रानटी हल्ला’ असा मथळा होता. हल्ला झाला होता एका टॉवरच्या पार्किंगमध्ये, गाडी लावण्यावरून. ‘पाशवी’ आणि ‘जंगलराज’ हेही रोजचेच. तेंडुलकरांच्याच ‘गिधाडे’मध्ये भाऊ गरोदर बहिणीच्या पोटावर लाथा घालतात, गिधाड बिचारं मेलेलं खातं. ‘क्रूर’ लिहा, ‘निर्दय’ लिहा. ‘अमानुष’ही नको, कारण जे केलं ते माणसांनीच केलं.

माझ्या वर्गात पाड्यावरून येणारी मुलं असत. धड्यात ‘रानटी’ शब्द आला की बाकीचा वर्ग मागे वळून त्यांच्याकडे बघायचा आणि ती पुस्तकात मान घालायची. अशी मुलं आता आपला पेपरही वाचतात. निदान ठाण्याच्या पानापासून सुरुवात करावी, ही कळकळीची विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, पाचपाखाडी, ठाणे (प.)