ताबा नोटिशीनंतरचे ४५ दिवस

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या जाहिरातींच्या पानावर बारीक टाइपात ‘ताबा नोटीस’ छापून येते. थकलेल्या कर्जापोटी बँकेने तारण घराचा ताबा घेतल्याची ही सूचना. कर्जदार, सहकर्जदार आणि जामीनदार यांची नावे, मागणी नोटिशीची तारीख, थकबाकी आणि शेवटी चतुःसीमा. गावात ती बदनामी म्हणून वाचली जाते. घरचे लोक चार दिवस चौकात जात नाहीत आणि घर गेलेच असे धरून बसतात. कायद्याने मात्र त्या नोटिशीत घर गेलेले नसते. घरमालकाला दाद मागण्यासाठी मिळणारे ४५ दिवस तिथून मोजले जातात. विदर्भातल्या खेड्यांत आणि तालुक्याच्या गावांत बरीच घरे कर्जाच्या आकड्यापेक्षा अशा तारखा हुकल्याने जातात, म्हणून हे सविस्तर पत्र.

सुरुवात पहिल्या गैरसमजापासून करावी लागेल. पीककर्ज आणि घरकर्ज यांचे घड्याळ वेगळे आहे. सोयाबीन, कापूस, धान अशा कमी मुदतीच्या पिकांचे कर्ज दोन हंगाम थकले तरच बँकेच्या लेखी ते अनुत्पादक, म्हणजे एनपीए, होते. घरकर्ज थकून ९० दिवस झाले की एनपीए. जुलैचा हप्ता चुकला आणि ‘कापसाचे चुकारे आले की एकदम भरू’ असे ठरवले, तर दिवाळीच्या आसपास खाते एनपीए झालेले असते. ही ढिलाई पीककर्जाच्या सवयीतून येते. कर्जमाफीच्या आशेचेही तसेच. २०१७ ची दीड लाखापर्यंतची आणि २०१९ ची दोन लाखांपर्यंतची माफी शेतीकर्जासाठी होती, घरकर्ज त्यात नव्हते. माफीच्या वाटेकडे डोळे लावून घराचे हप्ते थांबवणाऱ्याला कोणतीच योजना वाचवत नाही.

दुसरी गफलत अर्धवट भरण्याची. समजा आठ लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ८,३५० रुपये बसतो. तीन हप्ते थकले की थकबाकी २५ हजारांच्या घरात जाते. खाते एनपीए झाल्यावर एक हप्ता भरून ते नियमित होत नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की मुद्दल आणि व्याजाची सगळी थकबाकी भरल्यावरच खाते पुन्हा नियमित धरायचे. म्हणून हातात दहा हजारच असतील, तर ते ९० दिवस पूर्ण होण्याआधी भरण्यात अर्थ आहे. भरण्यापूर्वी शाखेत जाऊन ‘नेमके किती भरले तर खाते नियमित होईल’ हे लेखी विचारावे. फोनवर सांगितलेला आकडा नंतर सिद्ध करता येत नाही.

एनपीए झाल्यावर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याच्या, म्हणजे न्यायालयात न जाता तारणातून थकीत कर्ज वसूल करू देणाऱ्या कायद्याच्या, कलम १३(२) खाली मागणी नोटीस पाठवते. ती २५ हजारांची नसते, सबंध कर्जाची असते, आणि भरायला ६० दिवस मिळतात. ही नोटीस घ्यायची नाही, पोस्टमनला परत पाठवायचे, हा सल्ला गावोगाव दिला जातो. तो घातक आहे. ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडला की ती बजावली गेली असेच सहसा धरतात, आणि टाळाटाळ दिसली तर दारावर चिकटवून व वर्तमानपत्रात छापूनही बजावता येते. नोटीस घ्यावी, पाकिटावरची तारीख जपून ठेवावी आणि ६० दिवसांच्या आत कलम १३(३-अ) खाली लेखी हरकत द्यावी. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. ‘पीक गेले, मुदत द्या’ एवढेच लिहिलेली हरकत वाया जाते. सोबत खातेउतारा मागावा, भरलेल्या पण जमा न दिसणाऱ्या रकमा पावत्यांच्या तारखांसह दाखवाव्यात. हप्ता चुकल्याचा दंड व्याज म्हणून लावून मुद्दलात मिसळला असेल तर तेही लिहावे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या सूचनांनुसार दंड हा स्वतंत्र आकार असतो, त्याच्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. व्यवहार्य परतफेडीचा प्रस्ताव तारखांसह जोडावा. या टप्प्यावर कर्ज वसुली न्यायाधिकरणात जाता येत नाही, पण पुढे तिथे हाच कागद कामाला येतो.

तारण कोणत्या जमिनीचे आहे, हा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा असूनही तो क्वचितच विचारला जातो. सरफेसीच्या कलम ३१ प्रमाणे शेतजमिनीवरचे तारण या कायद्याखाली वसूल करता येत नाही. मात्र सातबाऱ्यावर ‘शेती’ लिहिले आहे एवढे पुरत नाही. जमीन प्रत्यक्षात शेतीच्या वापरात आहे हे कर्जदाराने सिद्ध करायचे असते, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले आहे. पीकपेरा, सिंचनाच्या नोंदी, फोटो हे सगळे लागते. वावरातल्या घरावर कर्ज असेल तर हा मुद्दा पहिल्याच हरकतीत घ्यावा. ले-आऊटमधल्या अकृषक प्लॉटवरच्या घराला हे संरक्षण नाही, गावठाणातल्या नमुना आठच्या घरालाही नाही. एक लाखापर्यंतच्या कर्जाला आणि मुद्दल व व्याजाच्या २० टक्क्यांहून कमी येणे उरलेल्या प्रकरणाला मात्र हा कायदा लागू होत नाही. पंधरा वर्षांच्या कर्जात तेरा वर्षे नियमित भरणाऱ्याने हा हिशेब आधी करून पाहावा. बिगर-बँकिंग वित्त कंपनीचे कर्ज २० लाखांपेक्षा कमी असेल तर तिलाही साधारणपणे सरफेसी वापरता येत नाही. गृहवित्त कंपन्यांसाठी वेगळी अधिसूचना आहे. आपली संस्था नेमकी कोणत्या प्रकारची आहे, ते मंजुरीपत्रावरून तपासावे.

६० दिवस उलटले की ताबा नोटीस येते. बहुतेकदा हा सांकेतिक, म्हणजे फक्त कागदावरचा, ताबा असतो. नोटीस दारावर लागते आणि सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते, त्यांतले एक स्थानिक भाषेतले हवे. घरात राहणारे घरातच राहतात, म्हणून लोक निर्धास्त होतात. नेमके हेच ४५ दिवस असतात. कलम १७ खाली अर्ज करायचा तो विदर्भासाठी नागपूरच्या कर्ज वसुली न्यायाधिकरणात. सांकेतिक ताब्याविरुद्धही हा अर्ज चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवले आहे. ‘तिथे २० लाखांवरचीच प्रकरणे जातात’ असे तालुक्याच्या ठिकाणी सांगितले जाते. ती मर्यादा बँकेच्या वसुली दाव्याला आहे, कर्जदाराच्या या अर्जाला नाही. कोर्ट फी कर्जाच्या रकमेवर ठरते: दहा लाखांपेक्षा कमी असेल तर प्रत्येक लाखामागे ५०० रुपये, दहा लाख किंवा त्याहून जास्त असेल तर ५,००० रुपये अधिक दहा लाखांपुढच्या प्रत्येक लाखामागे २५०. आठ लाखांना चार हजार, चौदा लाखांना सहा हजार. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागणे मात्र वेळ घालवणे आहे. कलम ३४ ने तो दरवाजा बंद केला आहे आणि तिथे तारखा पडेपर्यंत ४५ दिवस संपतात. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात थेट गेले तरी बहुधा ‘आधी न्यायाधिकरणात जा’ असेच सांगितले जाते.

स्थगिती मागताना थोडीफार रक्कम भरण्याची तयारी ठेवावी. न्यायाधिकरण सहसा थकबाकीचा काही भाग भरण्याच्या अटीवरच स्थगिती देते. पूर्ण रिकाम्या हाताने गेलेल्याला ती मिळणे अवघड जाते.

प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. तिथे कर्जदाराला बाजू मांडायला बोलावत नाहीत. आदेशासाठी ३० दिवसांची मुदत आहे, कारण नोंदवून ती ६० दिवसांपर्यंत वाढवता येते. मग तहसीलचे अधिकारी पोलिसांसह दारात येतात. त्या दिवशी वाद घालून उपयोग नसतो. घरातल्या सामानाची यादी पंचनाम्यात नीट लिहिली जाते ना, एवढे पाहावे आणि तिची प्रत मागून घ्यावी.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज लिलावाबद्दल आहे. लिलावाच्या दिवसापर्यंत पैसे भरले की घर सुटते, असे वडीलधारी मंडळी अजून सांगतात. २०१६ पूर्वी ते बऱ्याच अंशी खरे होते. आता कलम १३(८) नुसार लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होण्यापूर्वी सगळी रक्कम खर्चासह भरली तरच तारण सोडवता येते, आणि सूचना छापल्यावर हा हक्क संपतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले. म्हणून ताबा नोटीस आणि लिलावाची सूचना यांच्या मधला काळच खरा हाताशी असलेला काळ. घर राखणे शक्यच नसेल तर याच काळात बँकेच्या लेखी संमतीने स्वतः गिऱ्हाईक आणावे. इसाराचे पैसे थेट कर्जखात्यात भरून घ्यावेत आणि बँकेकडून एकूण येण्याचे पत्र घेऊनच विक्रीपत्र करावे. लिलावात ‘जसे आहे तसे’ घर घेणारा भाव पाडून मागतो. शेजारी किंवा भाऊबंद गावचा भाव देतात. संमतीशिवाय केलेला विक्री व्यवहार मात्र मागणी नोटिशीनंतर चालत नाही.

लिलाव झालाच, तर लक्षात ठेवण्याच्या गोष्टी थोड्याच आहेत. कर्जदाराला ३० दिवसांची नोटीस हवी, पहिला लिलाव फसल्यास पुढच्याला १५ दिवसांची. मान्यताप्राप्त मूल्यांककाच्या मूल्यांकनाशिवाय राखीव, म्हणजे लिलावातली किमान, किंमत ठरवता येत नाही, आणि तिच्याखाली तुमच्या संमतीशिवाय विकता येत नाही. मूल्यांकनाची प्रत मागावी. कर्ज व खर्च वजा जाता उरलेले पैसे तुमचे, ते मागून घ्यावे लागतात. उलट रक्कम कमी पडली तर उरलेले कर्ज कायम राहते. किल्ल्या दिल्या म्हणजे सुटलो, असे होत नाही.

वरची सगळी वाट बँकांची आहे. सहकारी बँकांनाही सरफेसी लागू असल्याचे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवले आहे. पतसंस्थेचे कर्ज वेगळ्या रस्त्याने जाते. तिथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला घेतात आणि नियम १०७ प्रमाणे जप्ती व विक्री होते. दाखल्याच्या चौकशीची नोटीस येते तेव्हा हजर राहणे हीच खरी संधी असते. नंतर फेरतपासणी मागायची तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. इथे एक सवलत अशी आहे, जी बँकेच्या लिलावात नाही: विक्री झाल्यापासून ३० दिवसांत खरेदीदारासाठी किमतीच्या पाच टक्के आणि जाहीरनाम्यातली थकबाकी भरली तर विक्री रद्द करून मागता येते.

एकरकमी तडजोड, म्हणजे काही सूट घेऊन उरलेली रक्कम एकदम भरून कर्ज मिटवणे, हा हक्क नाही. बँकेने ती द्यावीच असा आदेश न्यायालय देत नाही, हे २०२१ मध्ये ठरले आहे. पण मागायला हरकत नाही, आणि मंजूर झाली तर पत्रातली शेवटची तारीख काटेकोर पाळावी. एक दिवस उशीर झाला तरी बँक सूट काढून घेऊ शकते. ती रक्कम उभी करायला सावकाराला घराचे विक्रीपत्र करून देऊ नये. ‘पैसे दिले की परत फिरवून देतो’ हे तोंडी बोलणे कागदावर कुठेच नसते. असे आधीच झाले असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो.

कर्ता माणूस गेलेल्या घरांनी पहिल्यांदा मंजुरीपत्र आणि खातेउतारा काढून कर्जाबरोबर विम्याचा हप्ता कापला होता का, ते पाहावे. अनेक घरकर्जांत तो कापलेला असतो आणि घरच्यांना माहीत नसतो. मृत्यूचा दाखला जोडून बँकेला आणि विमा कंपनीला एकाच वेळी कळवावे, पोच घ्यावी.

वकिलाच्या फीअभावी हे सगळे अडू नये. प्रत्येक तालुका न्यायालयात विधी सेवा समिती आहे, मोफत कायदेशीर मदतीसाठी फोनचा १५१०० हा क्रमांक आहे. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. घरकर्जात पत्नी बहुधा सहकर्जदार असतेच, तेव्हा अर्ज तिच्या नावाने करावा. सिरोंचा किंवा धारणीच्या कुटुंबाला नागपूरची एक खेप मजुरी बुडवून करावी लागते. त्यामुळे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांनी नागपूरच्या न्यायाधिकरणात जाणारे अर्ज तालुक्यातच तयार करून देण्याची सोय करावी, अशी आमची मागणी आहे.

आणि एक विनंती आपल्याला. ताबा नोटिसा आपल्याकडे छापल्या जातातच. त्याच पानावर, वाचता येईल अशा टाइपात, चार ओळींची चौकट द्यावी: ताब्याच्या तारखेपासून ४५ दिवसांत नागपूरच्या कर्ज वसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, लिलावाची सूचना छापण्यापूर्वी रक्कम भरून घर सोडवता येते, आणि मोफत वकिलासाठी १५१०० वर फोन करावा.

आपले,
विधी सेवा कामातील काही वकील,
जि. यवतमाळ