रविवारच्या मीटिंगला चाऱ्याचा हिशोब घेऊन या

मंडळी, रविवारी सकाळी 10 ला नागपूरच्या महाराजबागच्या गेटवर भेटायचंय, विसरू नका बरं. बरेच जण विचारून राहिले का बारावीनंतर कोणता कोर्स घ्यायचा, तर सेमिनरी हिल्सचं व्हेटर्नरी कॉलेज म्हणजे जनावरांची डॉक्टरकी, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं आणि नीट परीक्षा लागते, ज्याला गोठा धंदा म्हणून चालवायचाय त्यानं ॲग्री नाहीतर डेअरीकडे पण बघा, बीएस्सी ॲग्रीला सीईटी चालते आणि तिथं शेतीचं अर्थशास्त्र, मार्केटिंग असतं. दुधाच्या खर्चात 60 ते 70 टक्के चारा-खाद्यच खातं, म्हणून घरचा महिन्याचा कुटार-ढेपेचा खर्च लिहून आणा, अंदाजपंचे नको. गवळाऊ गाय किंवा नागपुरी म्हैस असेल तर वेगळं लिहा, नुसतं लिटर बघून तुलना होत नाही. येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा.